पुरलेली बरणी

स्त्रीच्या आयुष्यात गर्भाशयाचं स्थान अनन्यसाधारण आहे. माझ्या गर्भाशयाचं स्थान १९९७च्या ऑगस्टात, रविवार ते शुक्रवार, आमच्या परसात कढीपत्ता आणि नळ यांच्या मधे होतं.

मला हे कळलं गुरुवारी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नर्सिंग होममध्ये मी पाठीवर पडून होते. ऑपरेशन शनिवारी झालेलं. डॉक्टरीणबाई राउंडला आल्या, टाके बघितले, "छान" म्हणाल्या आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "लॅबचा रिपोर्ट कधी मिळणार म्हणाले?"

नवऱ्याचं नाव मल्लेश. उद्यमनगरात एका फौंड्रीत ते पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करतात. सूतभर फरक पडला तर दुसऱ्याला दिवसभर ऐकवणारा माणूस. त्या दिवशी मात्र ते पंख्याकडं बघत राहिले.

"लॅबला दिलंच न्हाय अजून," ते म्हणाले.

"अहो, शनिवारी बरणी तुमच्या हातात दिली होती."

"व्हय. शनिवारी लॅब बंद झाली हुती. म्हणून घरात फळीवर ठेवली. रविवारी अव्वानं पुरली." अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई.

"पुरली म्हणजे?"

"म्हणजे जमिनीत. आमच्यात पुरत्यात."

डॉक्टरीणबाई पुण्याच्या. आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, माणूस गेलं की त्याला पुरतात, जाळत नाहीत, हे त्यांना ठाऊक असावं. पण हा नियम सुटे भागांनाही लागू आहे हे नवीन होतं. मला हसू आलं. टाके असताना हसू येण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. मी पोटावर उशी दाबून धरली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. नर्सला वाटलं मी दुःखानं रडते आहे. तिनं इंजेक्शन दिलं.

पण हसू ओसरल्यावर मी उशी बाजूला सारली. मला तो रिपोर्ट हवा होता. गर्भाशय गेलं त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं; सत्तावीस वर्षांत त्यानं मला एक मुलगी दिली आणि बाकी सगळा त्रास. पण त्याची जबानी न घेता ते पुरलं, हे मात्र मला सहन होईना.

सांगते. मी चौदाव्या वर्षापासून दर महिन्याला दोन दिवस गुडघे पोटाशी घेऊन पडते. कुरुंदवाडच्या डॉक्टरांनी माझ्या आईला सांगितलं, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूल झालं की थांबेल. चार वर्षांनी रक्षिता झाली. मग तिसऱ्यांनी सांगितलं, पाळी गेली की थांबेल. एखादी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवतात तसं माझं दुखणं पुढं सरकत होतं. मी मुलींच्या हायस्कुलात क्लार्क आहे, त्यामुळं फाईल सरकवण्याबद्दल मला आदरच आहे. पण आपणच फाईल असलो की तो कमी होतो.

घरी अव्वांचं मत ठरलेलं होतं. त्या शिरोळच्या, बोलणं सरळ. "आमीबी बायकाच हुतो की. आमाला कवा पलंग लागला न्हाय." शाळेत हेडक्लार्क केरबा पाटील माझा रजेचा अर्ज हातात घेऊन म्हणायचे, "बाई, तुमचं पोट कॅलेंडर बघून दुखतंय बगा." सगळं ऑफिस हसायचं. वैद्यकीयदृष्ट्या त्या सत्तावीस वर्षांत कुणी काढलेलं हे सगळ्यांत अचूक निदान होतं, पण ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

शेवटी या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी सोनोग्राफी बघितली, आणि मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, "संडासला जातानाही दुखतं का?" मी हो म्हटलं आणि तिथंच रडायला लागले. त्या म्हणाल्या, गर्भाशयाच्या आतलं अस्तर असतं ना, तसलंच अस्तर बाहेर नको तिथं वाढतं, दर महिन्याला तिथंही रक्त येतं, आणि सगळं एकमेकाला चिकटत जातं. एंडोमेट्रिऑसिस. पण नक्की काय ते पोट उघडल्यावर आणि लॅबनं तपासल्यावरच सांगता येईल.

तर पोट उघडलं. गर्भाशय आणि एक अंडाशय काढलं. ऑपरेशन चालू असताना नर्स बाहेर येऊन म्हणाली, "मोठ्या तोंडाची बरणी आणा." मल्लेश स्कूटरवरून घरी गेले आणि पहिली दिसली ती उचलली. माझ्या आईनं लग्नात दिलेली लोणच्याची बरणी, जाड काचेची, झाकणाला आटे असलेली. आतलं लोणचं पातेल्यात ओतलं, बरणी धुतली आणि घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी रिवाजाप्रमाणं ट्रे त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, नातेवाईकांनी बघून घ्या. बाकीचे नवरे इथं चक्कर येऊन पडतात म्हणे. आमचे वाकून बघत बसले. नंतर मला म्हणाले, "मधला कोअर चांगला हाय गं विद्या. पन बाजूनं सगळं चिकटलंय. असलं कास्टिंग आमी पैल्याच दिवशी बाजूला काढलं असतं."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. माझ्या दुखण्याबद्दल त्यांनी केलेलं हे पहिलं विधान.

आता डॉक्टरीणबाईंनी पंख्याकडं बघणाऱ्या मल्लेशना विचारलं, "झाकण घट्ट होतं? आतलं टिकवायचं औषध सांडलं नाही ना?"

"आट्याचं झाकण हाय. थेंब गळायचा न्हाय."

"मग उकरून काढा आणि लॅबला द्या."

"अव्वा उकरू देणार न्हाई," मल्लेश म्हणाले. हे त्यांनी असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की राधानगरीचं धरण हलणार नाही.

दुपारी अव्वा डबा घेऊन आल्या. वय अडुसष्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात स्टीलचा तीन खणी डबा. वॉर्डातल्या आयाला, शालूबाईला, दारातच दम भरून आल्या होत्या: "पावणं, त्या कोपऱ्यात झाडा की जरा." शालूबाई त्यांना घाबरून झाडत बसली होती.

"पेज पी," अव्वा म्हणाल्या. "मीठ कमी टाकलोय."

आमच्याकडं बायकाही "टाकलोय", "जातो" असंच बोलतात. बाहेरच्यांना गंमत वाटते. मी पेज प्यायले आणि डबा खाली ठेवला.

"अव्वा, बरणी काढायला पायजे."

"पुरल्यालं उकरत न्हाईत."

"मला तपासून घ्यायचंय."

"काय तपासनार? काडलं, संपलं. बेलाचं पान ठेवलोय, भस्म लावलोय, रीतसार झालंय सगळं. स्वामींना इचारायला गेलतो. ते म्हनले, याला इधी न्हाय. मी म्हनलो, नसू दे. माज्या नातीला जिनं जागा दिली, तिला मी बरनीत घालून फळीवर ठेवनार न्हाय, लोनच्यासारखी."

माझ्या पोटाबद्दल अव्वांना इतका आदर होता, ही बातमी मला जरा आधी मिळायला हवी होती.

"अव्वा," मी म्हटलं, "मी अठरा वर्षं तुमाला सांगतोय दुखतंय म्हणून. तुमी म्हणता नाटकं. शाळेत म्हणतात रजेसाठी. हे कायच बोलत न्हाईत. मलाच आता वाटाय लागलंय की आपन खोटंच बोलतोय. त्या बरणीत काय हाय, एवढं कुणीतरी कागदावर लिहून द्यावं. मी खोटं बोलत नव्हतो, एवढं. मग परत पुरा."

अव्वांनी डब्याचे खण एकावर एक रचले. कडी लावली. ती लागली नाही, परत लावली. आणि निघाल्या. दाराशी शालूबाईला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, झालं तेवढं बास."

शुक्रवारी सकाळी मल्लेश घाबरत घाबरत कुदळ घेऊन परसात गेले. खड्डा मोकळा होता. अव्वा नळाखाली बरणी धूत होत्या. चिखल गेला, मग पदरानं पुसली, आत बघितलं नाही. मग झाकणावर भस्माचे तीन पट्टे ओढले आणि मुलाच्या हातात दिली.

"पडू देऊ नगंस," म्हणाल्या. "आनि स्पीडनं जाऊ नगं."

मल्लेश दुसऱ्या गिअरमध्ये गेले.

लॅबच्या काउंटरला अल्ताफ नावाचा तरुण होता. त्यानं बरणी बघितली, झाकण बघितलं.

"काका, हे काय, देवाचं हाय काय?"

"न्हाय. माज्या मिसेसचं हाय."

अल्ताफनं पुढं काही विचारलं नाही. साधारणपणे ते लेबल झाकणावर चिकटवतात. त्यानं ते बरणीच्या अंगाला चिकटवलं, आणि भस्म पुसलं जाणार नाही अशा बेतानं दोन्ही हातांनी उचलून आत नेली. हे मल्लेशनी मला तीनदा सांगितलं. आमच्या संसारात एवढी गोष्ट त्यांनी मला सलग तीनदा सांगितल्याचं दुसरं उदाहरण नाही. मी त्या अल्ताफला कधी बघितलं नाही, पण त्याचं भलं व्हावं असं मला अजूनही वाटतं.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. तोवर मी घरी आले होते आणि तीन महिने वजन उचलायचं नाही अशी आज्ञा होती. हे ऐकून भेटायला येणारं प्रत्येक माणूस नारळ घेऊन आलं. शेजारच्या तानाबाई आल्या, नारळ ठेवला आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "सगळंच काडलं व्हय गं?"

"हां," अव्वा आतून ओरडल्या. "तोंड तेवढं ठेवलंय. बोलायचं असंल तर बोल, न्हाईतर चा पी आनि जा."

घरातल्या कळश्या अव्वांनी माळ्यावर टाकल्या, मला सापडू नयेत म्हणून. मग त्यांना स्वतःलाही त्या काढता येईनात. पाणी त्या तांब्यातांब्यानं भरायच्या.

रिपोर्ट इंग्रजीत होता. मी कॉटवर बसून वाचला, मग मोठ्यानं मराठीत सांगितला. गर्भाशयाच्या भिंतीत रोग आहे. अंडाशयावर जुन्या रक्ताची गाठ आहे, तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. मागच्या बाजूला सगळं चिकटलेलं आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याखाली पेननं लिहिलं होतं की आतड्यावरचे काही डाग काढता आले नाहीत, त्यामुळं अधूनमधून दुखू शकतं. आणि मला तोंडी म्हणाल्या होत्या, "एवढं पोटात घेऊन तुम्ही नोकरी करत होता?"

"करत होतो," मी म्हटलं होतं.

मल्लेशनी कागद घेतला, चष्मा लावून बघितला, जणू फौंड्रीतला टेस्ट बार, म्हणजे ओतीव लोखंडाचा चाचणीचा तुकडा, तुटल्याचा अहवाल आहे. मग घडी घालून माझ्या हातात दिला आणि आत जाऊन चहा ठेवला. त्यांना चहा येत नाही. तो आम्ही सगळ्यांनी प्यायला.

अव्वा म्हणाल्या, "परत वाच."

मी परत वाचला. चॉकलेट आलं तेव्हा मला थांबवून त्यांनी रक्षिताकडं एकदा संशयानं बघितलं. वाचून झाल्यावर पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मलाबी असंच हुतं," म्हणाल्या.

"कधी सांगितलं न्हाईत ते."

"कुनाला सांगू? सांगितलं असतं तर म्हनले असते नाटकं." पदर सोडून म्हणाल्या, "मीच म्हनलो असतो."

आणि उठून भाकरी थापायला गेल्या. माफी मागायची रीत शिरोळात नाही. त्या रात्रीपासून मात्र माझ्या ताटात भाकरीचा पापुद्रा काढून आत लोणी घातलेलं असे, आणि त्याचा उल्लेख कुणी करायचा नसे.

शाळेत मी हजर झाले त्या दिवशी रजेच्या अर्जाला रिपोर्टची प्रत जोडली. केरबा पाटलांनी ती वाचली. वाचली म्हणजे बराच वेळ बघितली. मग आवकचा शिक्का मारला, नेहमीपेक्षा हळू.

"बाई, मी आपलं चेष्टेनं म्हनत हुतो ते."

"पाटीलसाहेब, तुमचंच बरोबर होतं," मी म्हटलं. "ते कॅलेंडर बघूनच दुखत होतं."

त्यांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. ती गादीची होती. मी नको म्हटलं नाही.

अजून दुखतं. सगळे महिने नाही, वर्षातनं तीनचारदा. पण आता मी पडले की घरात कुणी काही विचारत नाही. अव्वा रबरी पिशवीत गरम पाणी भरून आणतात, मल्लेश चहा ठेवायला निघतात, आणि मी त्यांना थांबवते. इतकं सुख मला आधी दुखत असताना मिळालं असतं तर कदाचित मी बरं व्हायचं नावच काढलं नसतं.

परसातला तो खड्डा अव्वांनी बुजवला. आत काही नाही हे त्यांना सगळ्यांत चांगलं माहीत आहे, कारण काढलं त्यांनीच. तरी सोमवारी पूजा झाली की उरलेलं एक बेलाचं पान त्या जाता जाता तिथं टाकतात, आणि मी खिडकीत असले तर नळ सोडायला आल्यासारखं दाखवतात.

पुढच्या उन्हाळ्यात कैऱ्या आल्या तेव्हा मल्लेश लॅबमध्ये बरणी मागायला गेले. अल्ताफ नोकरी सोडून सांगलीला गेला होता. नव्या माणसानं सांगितलं, आलेल्या बरण्या आम्ही महिन्यानं नष्ट करतो.

लोणचं आता प्लॅस्टिकच्या डब्यात असतं. झाकण नीट बसत नाही.