चार बोटं मागे

डोळे उघडे असलेला मामांचा एकही फोटो नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नाच्या फोटोत मामी हसते आहे आणि मामा तिच्या शेजारी उभ्या उभ्या झोपले आहेत. त्यांचं ओळखपत्र बघून फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने एकदा विचारलं होतं, "हे हयात आहेत ना?"

याचं आजवर कुणाला काही वाटलं नाही. पण मामा पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षाचे प्रमुख म्हणून निवृत्त होत होते, आणि त्या कक्षात आजवरच्या सगळ्या प्रमुखांचे फोटो भिंतीवर ओळीने लावलेले आहेत. शुक्रवारी निरोपाच्या समारंभात मामांचाही लागणार होता. कचेरीच्या फोटोग्राफरने काढलेला फोटो चौकटीत बसून आधी घरी पसंतीला आला. त्यात मामा गाढ झोपेत होते.

"छान आलाय की," मामी म्हणाली. "जेवण झाल्यावर अस्सेच दिसतात."

मामा हसले नाहीत. "रात्रपाळीला कुणाची डुलकी लागली तर मी त्याला फाडून खायचो. डोळ्यांत तेल घालून पाण्याच्या दाबाचे काटे बघायचे, असं सांगून सांगून घसा बसला माझा. आता मीच तिथे डोळे मिटून टांगला जाणार, तेही कायमचा."

मामेबहिणीने मोबाइलवर धडाधड फोटो काढून पाहिले. सांगितल्यावर मामांनी डोळे उघडे ठेवले खरे, पण मुख्य जलवाहिनी फुटल्याचं कुणी आत्ताच येऊन सांगितलं असावं, तसा चेहरा झाला. शेवटी ती माझ्याकडे वळली. "ताई, तुझं ते डबडं आण. बघू तरी."

डबडं म्हणजे माझा कॅमेरा. तो नवा आहे, कारखान्यातून निघून वर्षही झालेलं नाही, पण त्यात फिल्म घालावी लागते. त्यामुळे "नवा घेतलास, तोही जुनाच" हा टोमणा मी घरोघरी ऐकला आहे. या जातीच्या कॅमेऱ्यांत जे नावाजलेले आहेत ते माझ्या आवाक्याबाहेरचे. म्हणून कॅमेरा साधा घेतला आणि भिंग त्याहून बेताच्या किमतीचं, वेगळ्या कंपनीचं. भिंग मात्र चांगलं जड आणि धातूचं आहे; कडं फिरवताना तूप लावल्यासारखं फिरतं.

मला तो दोन गोष्टींसाठी आवडतो. कॅमेऱ्याला डोळा लावायची जी खिडकी असते, तिच्यातून पाहिलं की मधल्या उजळ चौकोनात वस्तू दुहेरी दिसते. कडं फिरवत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर आणल्या की अंतर जुळलं. मी प्रयोगशाळेत मापनाचं काम करते, त्यामुळे असं काही जुळताना पाहिलं की मन शांत होतं. दुसरं म्हणजे, बऱ्याच कॅमेऱ्यांत बटण दाबल्या क्षणी खिडकी अंधारते. याच्यात नाही. ही खिडकी भिंगाच्या बाजूला वेगळी असते, त्यामुळे ज्या क्षणी फोटो निघतो तो क्षणही डोळ्यांना दिसतो. समोरच्याने पापणी मिटली की नाही, हे तिथल्या तिथे कळतं.

रविवारी मी मामांना बैठकीतल्या खिडकीजवळ बसवलं. दिवा लावला की त्यांचे डोळे मिटतात, उन्हात बारीक होतात, म्हणून प्रकाश मंदच ठेवावा लागला आणि भिंग पूर्ण उघडावं लागलं; तसं केलं की जेमतेम बोट-दोन बोटांच्या खोलीतलंच स्पष्ट येतं. सबंध फिल्म संपली. खटका वाजायच्या आत मामांच्या पापण्या पडायच्या. पण चार वेळा त्या उघड्या होत्या. मी स्वतः पाहिलं.

"दाखव," मामा म्हणाले.

"फिल्म धुतल्यावर दिसेल."

"म्हणजे अजून काही दिसतच नाही?"

"नाही."

"आणि यासाठी लोक पैसे मोजतात," मामेबहीण म्हणाली.

फिल्म मी घरीच धुते. रात्री वाळली, सकाळी हातातल्या भिंगाखाली धरली. चारही फोटोंत डोळे उघडे होते आणि चारही फोटोंत ते धूसर होते. कान मात्र लख्ख. कानाच्या पाळीवरचा केसन् केस दिसत होता. त्यातला एक छापून मी मामांकडे नेला.

"बाबा हरवले तर कानांवरून ओळख पटेल," मामेबहीण म्हणाली.

मामांनी फोटो हातात घेतला आणि परत दिला. चौकटीतला झोपलेला फोटो त्यांनी कागदात गुंडाळून दाराजवळ ठेवला, न्यायच्या पिशव्यांसोबत. ते मला फार लागलं.

चारही वेळा कानच का? जुळवताना माझा हात चुकला असता तर एकदा नाक, एकदा मागची भिंत स्पष्ट आली असती. प्रत्येक वेळी तेवढीच चूक होत असेल तर ती हाताची नव्हे, यंत्राची. मी टेबलावर मोजपट्टी तिरपी ठेवली, एका खुणेवर प्रतिमा जुळवून पुन्हा पुन्हा फोटो काढले, आणि धुऊन पाहिलं. माझा कॅमेरा आणि माझं भिंग यांचं आपसात पटत नव्हतं. खिडकी सांगेल त्याच्या चार बोटं मागे भिंग बघत होतं, दर वेळी. दुरुस्तीला पाठवायचं तर महिना गेला असता. पण चूक ठरलेली असेल तर ती वजा करता येते. प्रतिमा मामांच्या डोळ्यांवर जुळवायची आणि आपण चार बोटं मागे सरकायचं.

बुधवारी संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्यासमोर बसले. कॅमेरा डोळ्याला लावला, जुळवलं, मागे सरकले. मामांच्या पापण्या पडल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "दर वेळी मागे का सरकतेस? मी चावतो का?"

मी कारण सांगितलं. मामा खुर्चीत ताठ झाले.

"चार बोटं? आणि ती तू अंदाजाने सरकतेस?"

"हो."

"अंदाजाने?" त्यांनी मामीकडे बघितलं, जणू भाचीने चोरी केली होती. "अगं ऐकलंस का, ही शास्त्र शिकलेली."

मामीने सुईदोऱ्याचा डबाच पुढे केला. मी दोऱ्याचं एक टोक कॅमेऱ्याच्या कडीला बांधलं, दुसरं मामांच्या खुर्चीच्या हाताला, आणि लांबी अशी ठेवली की मी बरोब्बर चार बोटं मागे गेले की दोरा ताठ व्हावा. मामांनी तो बोटाने वाजवून पाहिला. मग कागदाची एक चिठ्ठी दुमडून दोऱ्यावर कॅमेऱ्यालगत अडकवली. "हा काटा. वर चढून थांबला की बरोबर. मी सांगतो, मगच दाब."

"पाठ खुर्चीला टेकलेली ठेवा, नाहीतर अंतर बदलेल."

"मला शिकवू नकोस," ते म्हणाले आणि पाठ टेकली.

मी प्रतिमा जुळवली. खिडकीत मामांच्या दोन चेहऱ्यांचा एक चेहरा झाला. मी हळूहळू मागे सरकू लागले. दोरा उचलला, चिठ्ठी चढू लागली, आणि मामा तिच्याकडे बघू लागले. कपाळावर एक बारीक आठी, ओठ मिटलेले, मान किंचित पुढे. पापणी हलत नव्हती. फोटो निघणार आहे हे ते विसरले होते. त्यांच्यासमोर एक काटा होता आणि तो जागेवर यायचा होता.

"हं," मामा म्हणाले.

मी बटण दाबलं. डोळे उघडे होते.

त्या रात्री फिल्म धुताना पाण्याचं तापमान मी दोनदा तपासलं. सकाळी भिंगाखाली धरली तर पापण्यांचे केस मोजता आले असते. कान धूसर होते.

गुरुवारी दुकानातून मोठा करून आणला. मामांनी तो उजेडाकडे धरला. "बरा दिसतोय," एवढंच म्हणाले, पण चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मामी त्यांच्या खांद्यावरून वाकली.

"कामावर असताना असे दिसता होय तुम्ही," ती म्हणाली. "मला कधी बघायलाच मिळालं नाही."

शुक्रवारी तो फोटो ओळीत शेवटी लागला. पुढच्या आठवड्यात नियंत्रण कक्षातून मामांना फोन आला. रात्रपाळीचा माणूस अदबीने बोलत होता. साहेब समोरून एकटक बघतात, जांभई द्यायचीही चोरी झाली आहे. तो आधीचा फोटो असेल तर निदान रात्रीपुरता मिळेल का?

"नाही मिळणार," मामा खुशीत म्हणाले. "तो हिने घेतलाय."

खरंच घेतला होता. बैठकीत मामांच्या आरामखुर्चीच्या वर मामीने तो स्वतः खिळा ठोकून लावला. काल गेले तेव्हा वर एक मामा झोपले होते, खाली दुसरे. मी कॅमेरा काढला, खालच्यांच्या पापणीवर प्रतिमा जुळवली.

"चार बोटं," मामा डोळे न उघडता म्हणाले.

मी मागे सरकले.