दोराचं दुसरं टोक

थोरल्याची एक सवय मोठ्या बाईंना मुळीच खपत नसे. फोटो निघाल्या निघाल्या तो कामगाराच्या डोक्यावरचं हेल्मेट उतरवून घ्यायचा, रुमालाने पुसायचा आणि परत खोक्यात ठेवायचा, जसं काही कामगाराच्या डोक्याचा विटाळ झालाय! आता असलं मनात ठेवून काय करायचं, म्हणून त्यांनी एकदा तोंडावर विचारलं.

"अरे, ते डोक्यासाठी आणलंय की बघणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी?"

"आई, वस्तू नवीकोरी दिसली पाहिजे. साइट म्हणजे आपला चेहरा."

"चेहरा रोज धुवायचा असतो बाबा. तू तर खोक्यात भरून ठेवलायस."

थोरला हसला. आई बोलली की हसायचं आणि आपलं तेच करायचं, हे त्याने बापाकडून उचललं होतं.

लोकांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवायचा त्यांचा घरचा धंदा. बाप गेल्यापासून साइटी थोरला सांभाळायचा, धाकटा तारा जोडायचा, धाकटी सून छपरावर चढून पॅनेल बसवायची. आणि गोदाम? त्याची किल्ली मोठ्या बाईंच्या कमरेला. शाळेत त्या जेमतेम बाराखडीपर्यंत टिकल्या, पण गोदामाची भिंत त्यांनी अशी लावली होती की बघत राहावं. पान्याला, पकडीला, करवतीला आपापला खिळा, आणि प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याची काळी आकृती रंगवलेली. संध्याकाळी एखादी पक्कड परत आली नाही की आधी ती रिकामी आकृती बोंब मारायची, मग मोठ्या बाई.

थोरल्याची टापटीप निराळ्या जातीची. गाडीत त्याचं सामान कायम भरलेलं असे: हिरवी चटई, रस्त्यावर ठेवतात तसले केशरी कोन, कोऱ्या हातमोज्यांची जोडी आणि पांढरीशुभ्र प्रथमोपचाराची पेटी. साइटवर पोचलं की एक कोपरा झाडून तिथे हे सगळं मांडायचं, फोटो काढून कंपनीला पाठवायचा आणि उचलून परत गाडीत टाकायचं. बाकीच्या साइटवर पॅनेलचे पुठ्ठे, तारांचे तुकडे, उलटे पडलेले खिळे, सगळा उकिरडा. एकच नीटनेटका कोपरा होता, तो गाडीत बसून गावभर हिंडायचा.

एकदा लंब्याचा अंगठा पत्र्याने कापला. लंब्या म्हणजे खालून पॅनेल वर देणारा कामगार, शिडीशिवाय शिडीइतका उंच. तो पेटीकडे धावला तर थोरला आडवा.

"सील तोडू नकोस रे! उद्याच्या फोटोत काय दाखवू?"

"अंगठा दाखवा, साहेब," लंब्या म्हणाला आणि अंगठ्याला तारेची चिकटपट्टी गुंडाळून कामाला लागला. तेव्हापासून कामगारांत थोरल्याचं नाव पडलं फोटोसाहेब.

तर अशा या फोटोसाहेबाला पॅनेलवाल्या कंपनीने 'आदर्श साइट' म्हणून ढाल दिली. सोबत फोटो मोठा करून, चौकटीत बसवून. फोटोत धाकटी सून पत्र्यावर उभी. डोक्यावर हेल्मेट, अंगावर सेफ्टी बेल्ट, बेल्टातून ताठ निघालेला पिवळाधमक दोर. घरात थोरल्याला टाकून बोलणाऱ्या मोठ्या बाईंनी तो फोटो गोदामाच्या दारातच टांगला, आणि येईल त्याला हाताला धरून दाखवायला लागल्या. लेकाला नावं ठेवायची ती घरात. गावाला का म्हणून कळू द्यायचं?

एके दिवशी त्यांची पाठची बहीण आली. हिच्या डोक्यात किती उजेड आहे हे मोठ्या बाईंनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. बहिणीने फोटो निरखून पाहिला.

"ताई, हा दोर कुठे जातो गं?"

"कुठे म्हणजे? बांधलाय."

"कशाला?"

"भिंतीला."

"भिंत कुठाय?"

मोठ्या बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. दोर धाकटीच्या पाठीतून निघाला होता, फोटोच्या कडेपर्यंत आला होता आणि तिथे चौकटच संपली होती. त्यांनी लेकाच्या मोबाइलमधले जुने फोटो आठवून पाहिले. सगळ्यांत धाकटी होती, दोर होता; दुसरं टोक एकाही फोटोत नव्हतं.

"चहा पी," त्या बहिणीला म्हणाल्या. "निवतोय."

पण तो प्रश्न चपलेत खडा जावा तसा त्यांना टोचत राहिला. भिंतीत ठोकायचे कडीवाले बोल्ट त्यांनी स्वतः गोदामातून थोरल्याच्या हवाली केले होते, खोकाभर. दोर बांधायलाच. मग बहिणीने, आणि तीही असली बहीण, विचारेपर्यंत फोटोत भिंत नाही हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साइटवर निघाल्या. कमरेला किल्ली, हातात काठी, चेहरा असा की रिक्षावाल्याने वाटेत गाणं बंद केलं.

साइट म्हणजे पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना. एका बाजूला कचेरीची सपाट गच्ची, आणि गच्चीच्या कठड्यापलीकडून खाली उतरत गेलेला पत्र्याचा लांबलचक उतार. फाटकाशी गाडी उभी होती. मोठ्या बाईंनी आत डोकावलं. बोल्टांचा खोका होता तिथेच, वरची चिकटपट्टीसुद्धा न उचकटलेला.

काठी टेकत, प्रत्येक पायरीला कुणाला ना कुणाला नावं ठेवत त्या जिना चढल्या. धाकटी नेहमी सांगायची, "आई, जरा वजन उतरवा, गुडघे बोंबलतात तुमचे," आणि त्यांच्या चहातली साखर चोरायची. आज गुडघे खरंच बोंबलत होते, पण त्यांचं ऐकायला वेळ कोणाला होता?

गच्चीवर थोरला लोखंडी घडीच्या खुर्चीत ऐसपैस बसला होता. पुढे हिरवी चटई, दोन कोन, पांढरी पेटी. पिवळा दोर कठड्यावरून पलीकडे पत्र्यावर उतरला होता आणि अलीकडे, मोठ्या बाईंनी नजरेनेच त्याचा माग काढला, तो चटईच्या कडेने येऊन थोरल्याच्या खुर्चीच्या मागच्या पायाला बांधला होता. छान फुलासारखी गाठ मारून.

"हे काय आहे?"

"आई! तू आणि इथे?" थोरला खुलला. "हे होय? भिंतीला ड्रिल मारलं की धुरळा उडतो, सगळ्या चटईवर बसतो. फोटोचं मातेरं होतं. त्यापेक्षा मी बसतो ना खुर्चीवर. माझं वजन काय कमी आहे?"

"धाकटीला ठाऊक आहे?"

"तिला खालून कठड्याआडचं दिसतंय कुठे? ती विचारते, 'दादा, बांधलाय ना?' मी म्हणतो, बांधलाय. खोटं आहे का?"

"आणि फोटो कोण काढतं?"

"मीच की. बाकीच्यांना दोर चौकटीत नीट बसवता येत नाही."

मोठ्या बाईंच्या डोळ्यांपुढे गोदामाच्या दारातला तो फोटो उभा राहिला. त्यात पोरगी दोर ताणून ऐटीत उभी होती, आणि दुसऱ्या टोकाला होती रिकामी खुर्ची.

"बसून राहा," त्या म्हणाल्या. "हलू नकोस. मी तिला आधी—"

"अगं, थांब! आलीच आहेस तर तूही ये फोटोत," म्हणत थोरला उठला आणि मोबाइल काढून कठड्याशी गेला. "धाकटे, जरा इकडे बघ! हस!"

धाकटी वळली. सकाळचं दव अजून पत्र्यावर होतं. तिचा पाय सटकला, ती गुडघ्यांवर आपटली आणि उतारावरून खाली घसरायला लागली. इकडे खुर्चीने आचका दिला, ती चटई गोळा करत, कोन पाडत, पेटीला लाथ मारत कठड्याकडे खरवडत निघाली.

मोठ्या बाईंनी काठी टाकली. वयाचा, गुडघ्यांचा, डॉक्टरचा कसलाही मुलाहिजा न ठेवता त्यांनी स्वतःला त्या खुर्चीवर लोटून दिलं. खुर्ची कळवळली, कठड्याला धडकली आणि थांबली. दोर तारेसारखा ताठ झाला.

"आई गं!" पत्र्यावरून आवाज आला.

"इथेच आहे मी!" मोठ्या बाई गरजल्या. "लंब्या, शिडी आण! आणि तू, मेल्या, तो मोबाइल ठेव आणि दोर धर!"

लंब्याने खालून शिडी लावली. थोरल्याने दोर धरला. धाकटी पत्र्याच्या पार काठाशी लोंबकळत होती. तिने पाण्याच्या पन्हाळीला पाय लावला, शिडी गाठली, दोर सोडून खाली उतरली आणि पुढच्या बाजूने जिना चढून गच्चीवर आली. कोपर सोललेलं, चेहरा पांढराफटक. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग त्या फुलासारख्या गाठीकडे.

"आई," ती म्हणाली, "उद्यापासून तुमच्या चहात दोन चमचे साखर."

"तीन," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचेच डोळे भरून आले, म्हणून खेकसल्या, "उभी काय राहिलीस? बस खाली! ती पेटी इकडे आणा रे!" आणि सील त्यांनी दातांनी तोडलं.

आत एक कात्री होती, आणि कंपनीच्या शुभेच्छांचं कार्ड. पट्टी नव्हती, औषध नव्हतं.

लंब्याने खिशातून आपली चिकटपट्टी काढून दिली.

थोरला कोपऱ्यात उभा राहून मोबाइलकडे बघत होता. घाबरलेल्या माणसाला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटतं, तसं तो हळूच म्हणाला, "आई, फोटो निघालाय बरं का. दोर एकदम ताठ आलाय."

मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. गाडीतून बोल्टांचा खोका मागवला, चिकटपट्टी फाडायला लावली आणि खाली कारखान्यात तारा जोडणाऱ्या धाकट्याला हाक मारून भिंतीला ड्रिल लावायला सांगितलं. धुरळा उडाला. हिरव्या चटईवर बसला, कोनांवर बसला, थोरल्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर बसला. बोल्ट बसले. मोठ्या बाईंनी उठून एकेक कडी आपल्या हाताने ओढून पाहिली, मगच थोरल्याकडे वळल्या.

"आता ऐक, फोटोसाहेब. उद्यापासून पत्र्यावर तू चढायचंस. तुझा दोर धाकटी बांधेल आणि तू तिला पत्र्यावरून विचारायचंस, बांधलाय ना म्हणून. ती काय सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, जसा तिने तुझ्यावर ठेवला. हेल्मेट घामाने पिवळं पडलेलं मला दिसलं पाहिजे. आणि ही खुर्ची गोदामात माझ्या भिंतीवर टांगायची. मागे तिची आकृती मी स्वतः काढणार आहे. ती आकृती एक दिवस जरी रिकामी दिसली, तर त्या जागी मी तुला टांगीन, आणि त्याचा फोटो काढायला तुझी मावशी येईल!"