पाण्याला पोट नसतं

लॉन्ड्रीत पाण्याच्या दोनच जाती होत्या, हलकं आणि जड. हलकं नळाचं, साबणाला भरभरून फेस आणणारं. जड टेकडीखालच्या झऱ्याचं, दगडादगडातून क्षार चाटत आलेलं. त्यात साबण रुसून बसायचा आणि कापड वाळलं की खडूसारखी पांढरी कड धरायची. म्हणून लॉन्ड्रीवालीने त्या पाण्याला दुकानाची पायरी बंद केली होती. माडीवर तिच्या बाबांच्या खोलीत मात्र त्याच्या दोन बाटल्या रोज भरलेल्या असत. पिण्यापुरत्या.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, पण त्यांचं स्वतःचं पोट म्हणजे बंद पडलेलं घड्याळ. कितीही चावी द्या, हलायचं नाव नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "झऱ्याच्या पाण्यात मॅग्नेशियम आहे, सल्फेट आहे. ते आतड्यात पाणी धरून ठेवतं, त्याने पोट सुटायला मदत होते. दिवसाला दोन पेले घेऊन बघा. पण काही वेगळं दिसलं, तर पाण्यावर विसंबू नका. माझ्याकडे या."

तीन आठवड्यांत घड्याळ चालू झालं. मग काय, गिऱ्हाईक आलं की बाबा आधी त्याच्या पोटाची चौकशी करत आणि मग घड्याळाची. लेक रोज सकाळी जिन्यातून हाक मारायची, "बाबा, साफ?"

"साफ," वरून उत्तर यायचं. त्या एका शब्दावर तिचा दिवस निर्धास्त उजाडायचा.

आजही उजाडला होता. मग घरचे कपडे भिजवताना बाबांचा पायजमा हाताला कडक लागला. तिने तो उलटा केला. मागे बशीएवढी पांढरी कड आणि मधे फिकट तपकिरी डाग. वीस वर्षं तिने लोकांचे डाग वाचले होते. शाईचा, गंजाचा, चहाचा. हा रक्ताचा होता. आणि कुणीतरी तो गुपचूप, झऱ्याच्या पाण्यात चोळला होता.

आई धुताना गुणगुणायची ते तिच्या ओठांवर आपसूक आलं:

*पाण्याला नाही पोट, सारं सांगून जातं बाई,*
*माणसाच्या पोटातून शब्द वर येत नाही.*

पायजमा हातात घेऊनच ती जिना चढली. बाबा डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"बाबा, हे कधीपासून?"

भिंग निघालं नाही. "महिना झाला असेल."

"आणि रोज मला साफ म्हणून सांगत होतात?"

"तू साफ का असं विचारलंस, मी साफ म्हणून सांगितलं. त्यात काय खोटं?" ते हसले. ती हसली नाही, तसं हातातलं इवलं चाक त्यांनी खाली ठेवलं. "मला वाटलं, पाणीच बाधलं असेल. तुला सांगितलं असतं, तर तू बाटल्या बंद केल्या असत्या. इतक्या वर्षांनी पोट हलकं वाटत होतं गं."

"आणि धुतलं कशाला?"

"तुझ्या हाताला लागू नये म्हणून."

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून तिने बाबांना रिक्षात बसवलं. वाटेत बाबा घड्याळाला कान लावावा तशी मान कलती करून बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. "काय म्हणतंय पोट? साफ होतंय ना?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पायजमा तिच्यातच होता. तिने तो काढला नाही. बाबांनी बोलावं म्हणून वाट पाहत राहिली.

"साफ होतंय," बाबा म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "पण लाल होतंय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, उठून दार लोटलं आणि तपासणीच्या पडद्याआडचा दिवा लावला.