शांघायची थंडी

नोकरी लावून देणाऱ्या दलालाने पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "पहिलं वर्ष आहे तुझं. शांघाय घे, नाहीतर छंग्तू घे. लहान गावाच्या फंदात पडू नकोस. मोठ्या शहरात तुझ्यासारख्या चेहऱ्याची लोकांना सवय झालीय."

चीनमध्ये इंग्रजी शिकवायला येणाऱ्या नवख्यांना सगळे हेच सांगतात. शिवाय दलालाला शांघायच्या जागा भरायच्या असतातच. म्हणून जोआन तामने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. तिने तैशान निवडलं. तैशानपासून अर्ध्या तासावरच्या खेड्यात तिच्या आजोबांची धाकटी बहीण राहत होती, तिची गूपो. व्हँकुव्हरमध्ये जोआनला आजोबांनीच वाढवलं होतं. ते गेले, आणि त्यांच्या बोलीत तिच्याशी बोलणारं जगात एवढं एकच माणूस उरलं. ऐंशी उलटलेल्या त्या म्हातारीच्या जवळ एक वर्ष तरी राहायचं, एवढ्यासाठी पोरगी समुद्र ओलांडून आली. नोकरी हे निमित्त होतं, पण नोकरी नसेल तर देशात कोण राहू देतो?

ती शाळेत पोचली तेव्हा मुख्याध्यापक क्वान सर दारापर्यंत आले, त्यांनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि विचारलं, "टीचर कुठे आहेत?"

"मीच," जोआन म्हणाली.

क्वान सर वाईट नव्हते. त्यांनी चहा दिला, संत्री सोलून दिली, आणि मग बराच वेळ कपाळ चोळत बसले. दलालाने कागदावर कॅनडा लिहिलं होतं, ताम हे आडनाव त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं.

"मिस ताम, तुमचं इंग्रजी उत्तम असणार, त्यात वादच नाही. पण आई-बाप फी भरतात ती परक्या चेहऱ्याची. तुम्ही फळ्यापुढे उभ्या राहिलात तर ते म्हणतील, ही तर आमच्या शेजारच्या ताम वाण्याची लेक दिसते. उद्या सकाळी निम्मे वर्ग रिकामे होतील."

"मग मी काय करू?"

"राहा ना! सरकारला दाखवायला कागदपत्रं तुमचीच लावू. शिकवायला मात्र लारिसा उभी राहील."

लारिसा मोल्दोव्हाची. संध्याकाळी हॉटेलात गायची. पिवळे केस, उंच बांधा, आणि इंग्रजी बेताचं. धडे जोआनने बसवायचे, चित्रं जोआनने काढायची, उच्चार जोआनने लारिसाकडून घोटून घ्यायचे, आणि वर्गात आयांचा शेवाळी एप्रन घालून, मुलांची नाकं पुसत मागे उभं राहायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. शाळेने सोडलं तर देशही सोडावा लागतो, हे कराराच्या पहिल्याच पानावर होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. लारिसा बिचारी रोज तिची माफी मागायची, त्यामुळे तिच्यावर चिडायचीसुद्धा सोय राहिली नाही.

रविवार मात्र जोआनचा होता. गूपो मातीच्या भांड्यात वाम माशाचा भात करायची, तळाची खरपूड खरवडून तिच्याच वाडग्यात घालायची, आणि भरल्या डोळ्यांनी म्हणायची, "आमान, तू 'खा' म्हणतेस ना, ते थेट माझ्या भावासारखं म्हणतेस." आमान हे आजोबांनी ठेवलेलं नाव. त्या नावाने हाक मारणारं आता दुसरं कुणी नव्हतं.

"शाळा कशी आहे गं?"

"छान आहे, गूपो. मुलं फार गोड आहेत."

"फळ्यावर लिहितेस ना? मोठ्या अक्षरात?"

"हो."

मग गूपो वेशीवरच्या वडाखाली जाऊन बायकांना सांगायची, "सोन्याच्या डोंगरावरून आलीय माझ्या भावाची नात. तिकडची टीचर आहे, साधीसुधी नव्हे." त्या मुलखात परदेशाला सोन्याचा डोंगर म्हणतात. तिथे गेलेल्याने श्रीमंतच असावं लागतं, नाही झाला तरी दिसावं लागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जोआनची मूठ उघडली ती पालकांसाठी ठेवलेल्या उघड्या वर्गाच्या दिवशी. त्या दिवशी आई-बाप मागे खुर्च्यांवर बसून धडा बघतात. गूपोला कुणी बोलावलं नव्हतं. पण कुणाकडून तरी तिने ऐकलं, ठेवणीतलं जाकीट घातलं, तांदळाच्या पिठाच्या खाऱ्या गोळ्यांच्या सूपचा डबा घेतला आणि बसने एकटी आली. पालकांमध्ये बसून शेजारणीला सांगू लागली, "इथली परदेशी टीचर आहे ना, ती माझ्या भावाची नात."

तेवढ्यात पिवळे केस उडवत लारिसा आत आली. खुर्च्यांमध्ये हशा पिकला.

"आजी, तुमचा भाऊ कुठल्या डोंगरावर गेला होता म्हणायचा?"

"ही नव्हे, ही नव्हे," गूपो हसतच म्हणाली. "माझी आमान. ती बघा..."

बोट उचललं गेलं ते थेट शेवाळी एप्रनवर. जोआन एका मुलाची पँट बदलत होती. क्वान सरांचा चेहरा पांढरा पडला. जोआनच्या मनात आलं, आता सरळ उभं राहावं आणि बोलावं, इंग्रजीत, मोठ्याने, खरी टीचर कोण ते सगळ्यांना कळेल असं. एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्याने शाळा गेली असती, देशात राहायचा परवाना गेला असता, आणि महिन्याच्या आत गूपोही दुरावली असती. तिने मान खाली घातली आणि मुलाच्या पँटचं बटण लावलं.

"कोण? ती आया?" शेजारीण म्हणाली.

गूपो बघत राहिली. मग तिने बोट खाली घेतलं.

"नाही गं बाई. डोळे गेलेत माझे. दुसरी शाळा असेल."

सूपचा डबा ती फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवून गेली. त्याच्यावर नाव नव्हतं. जोआनने तो उघडला आणि स्वच्छतागृहात उभ्याउभ्या रडत संपवला.

पुढच्या रविवारी ती खेड्यात गेली तेव्हा गूपोने तिला दारातून आत ओढलं आणि भर दुपारी कडी लावली. भात नेहमीसारखाच केला होता. जोआन माफी मागायला लागली तशी म्हातारीने हात वर केला.

"जेव आधी. माझ्या भावाने तिकडून फोटो पाठवला होता. कोट घालून हॉटेलच्या दारात उभा. खाली लिहिलेलं, 'माझं हॉटेल'. पुढे गावचा एकजण परत आला, त्याने सांगितलं, तो तर मागच्या खोलीत कोळंबी सोलतो."

"आजोबांनी मला कधीच..."

"मलाही नाही. आणि मला कळलंय हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. फोनवर विचारायचे, हॉटेल कसं चाललंय दादा? तो म्हणायचा, मस्त. जन्मभर विचारलं मी. म्हणून तर तो आला नाही. आला असता तर काय तोंड दाखवलं असतं?"

तिने खरपूड खरवडली आणि वाडग्यात घातली.

"वडाखालच्या वोंग काकूचा नातू नव्या वर्षापासून तुझ्याच शाळेत जाणार आहे. मी सांगून टाकलंय सगळ्यांना, आमानला शांघायला बोलावलं, मोठ्या शाळेत. तेव्हा आता रविवारी येऊ नकोस, पोरी. लोक बघतील."

"गूपो, मी इथे आले ती फक्त तुझ्यासाठी. लोकांना काय कळायचं ते कळू दे."

"तू वर्षाने जाशील. मला याच वडाखाली बसायचंय, आणि मेल्यावर याच लोकांच्या खांद्यावरून जायचंय." मग आवाज उतरवून म्हणाली, "मला काय वाटत नाही होय गं? जेव."

जोआन जेवली. जाताना गूपोने तिला मागच्या दाराने, माशांच्या तळ्याकडून काढून दिलं, आणि तळ्याच्या वळणापर्यंत दारात उभी राहिली.

त्यानंतरच्या रविवारी जोआन तैशानमधल्या आपल्या खोलीत लारिसाचा धडा लिहीत बसली होती. खिडकीत ऊन होतं, रस्त्यावर लोक एका सदऱ्यात फिरत होते. फोन वाजला. पलीकडे बायकांची कुजबुज होती, कोंबडा ओरडत होता, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गूपो विचारत होती,

"आमान, शांघायला थंडी पडली का गं?"

जोआनने पेन खाली ठेवलं.

"हो, गूपो," ती म्हणाली. "फार थंडी आहे इथे."