आधी मिशी काढ

आईने गॅरेज टाकून दोन महिने झाले होते आणि निम्मी गिऱ्हाइकं तिला बघून "मिस्त्री आले की येतो" म्हणत सटकत होती. म्हणून बोर्डावर मिस्त्रीबाईचं चित्र हवंच होतं. फोटोचं नावच नको. कॅमेरा दिसला की आई दाढ उपटून घ्यायला बसल्यासारखं तोंड करायची. शेवटी लेक तिला ओढत बोर्डवाल्या काकांच्या दुकानात घेऊन गेली.

"आपलं एआय चुटकीसरशी काढतं," म्हणत काकांनी टाइप केलं: गाडी दुरुस्त करणारी बाई.

पडद्यावर गोरीपान, लिपस्टिकवाली तरुणी अवतरली. केस मोकळे, टाचा उंच.

"फॅनबेल्टमध्ये केस गेले की कळेल हिला," आई म्हणाली. "आणि पाना तोंडासमोर का धरलाय? गाणं म्हणणारे?"

लेकीने कीबोर्ड ओढला. बाई, वय पन्नास, सावळी, जाडसर, चष्मा, कपड्यांवर ग्रीस. यंत्राने एक रडवेली म्हातारी रस्त्याच्या कडेला बसवली, पुढ्यात रिकामा वाडगा.

काका गडबडले. "ताई, तुम्ही बघू नका."

"बघितलं. वाडग्यात दोन नट तरी टाकायचे." आई हसली खरी, पण पिशवी उचलली. "राहू दे. नुसती अक्षरं लिहा."

"दोनच मिनिटं, आई." लेकीच्या डोक्यात किडा वळवळला होता. तिने टाइप केलं: गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री, पुरुष. बाकी सगळं तेच, पन्नास वर्षं, चष्मा, ग्रीस.

काय झोकात आला गडी! बाह्या वर, पाना मुठीत घट्ट, नजर अशी की इंजिनाने आपणहून चूक कबूल करावी. शिवाय झुपकेदार मिशी.

"अगं, हा कोण आणलास?"

"थांबा हो, काका."

आधी मिशी काढ. दाढीचे खुंट काढ. केस लांब कर, मागे घट्ट बांध. खांदे जरा उतरव. कानात बारीक रिंगा घाल. यंत्र बिचारं मुकाट ऐकत गेलं. नजर तेवढी होती तशीच राहिली.

काका खुर्चीतून अर्धे उठले. "या तर ताईच! आता सांगू का त्याला, बाई आहे म्हणून?"

"अजिबात नाही. कळलं तर परत केस सोडेल."

आई पडद्यापाशी वाकली.

"थेट माझा भाऊ," ती म्हणाली. लेकीचा चेहरा पडला. "म्हणजे मीच की. आम्ही दोघं एकाच तोंडवळ्याचे." तिने चष्मा सावरला. "पाना बरोबर धरलाय. नखांत थोडं काळं भरा, आणि होईल तेवढं मोठं छापा."