शनिवार पेठेतली पृथ्वी

मी एक जुनी पृथ्वी आहे. मित्रांनो, घाबरू नका, पुठ्ठ्याची आहे. एका कारखान्यात माझे दोन अर्धे भाग चिकटवले, वर रंगीत कागद बसवला आणि मला तिरकं उभं केलं. शनिवार पेठेतल्या हिंमतरावांनी आपल्या मुलीच्या, अपेक्षाच्या, भूगोलासाठी मला घरी आणलं. रोज संध्याकाळी ते माझ्यावर बोट टेकवून तिला सांगत, "आपण इथे." इतक्या वेळा सांगितलं, की पुण्याच्या जागी आता पांढरा पुठ्ठा दिसतो. मुंबईही त्यातच गेली. पुण्यात त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

पुढे अपेक्षा संगणक शिकली, लग्न करून न्यूयॉर्कला गेली. माझी रवानगी कपाटावर झाली. दुपारी घर झोपलं, की खिडकीतलं ऊन माझ्या समुद्रांवरून हळूहळू सरकत जाई. मलाही डुलकी लागे. स्वप्नात माझ्या अंगावरून मुंग्यांएवढी विमानं चालत, आणि गुदगुल्या होत.

एके दिवशी फोन आला. अपेक्षाला दिवस गेले होते. तिची आई दुर्गाबाई बाळंतपणाला निघायचं म्हणाल्या. हिंमतराव म्हणाले, "फार लांब आहे." या गृहस्थांना पुण्यातलं वारजेसुद्धा परगाव वाटतं. पण त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून दाखवली. अरबस्तान, आफ्रिका, मग अख्खा अटलांटिक. "या वयात एवढा समुद्र? मला जमायचं नाही, आणि तुला एकटीला पाठवणार नाही."

लाडवांसाठी आणलेला डिंक डब्यात तसाच राहिला.

दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी मला खाली उतरवलं आणि पदरानं पुसलं. मग गजऱ्याचा दोरा घेतला. एक टोक पांढऱ्या पुठ्ठ्यावर, दुसरं न्यूयॉर्कवर. ताणला, तर दोरा आफ्रिकेकडे थांबेचना. घसरत वर गेला, रशियावरून ग्रीनलंडच्या बर्फाळ टोकापाशी, आणि तिथून खाली.

"अहो, इकडून जवळ आहे!"

"विमान काय गच्चीवरून जातं?"

"अभयला विचारा."

अभय खालच्या मजल्यावर विमानाची तिकिटं काढून देतो. तो अंगणातूनच ओरडला, "वरूनच जातं काका! मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटर. एका दमात, सोळा तास."

"सोळा तास करायचं काय?"

"दोनदा जेवायचं. बाकी झोप."

"मग घरी तरी वेगळं काय करता?" दुर्गाबाई म्हणाल्या.

हिंमतरावांनी चष्मा लावून दोरा पुन्हा ताणून पाहिला आणि दोन्ही टोकांना टाचण्या टोचल्या. मग त्यांनी विचारलं, "डिंक आहे ना घरात?"

निघायच्या दिवशी दुर्गाबाई दारातून हाका मारत होत्या, "अहो, गाडी आली!" हिंमतराव चक्क बूट घालून माझ्यापाशी आले. पुण्यापासून दोऱ्यावरून सावकाश बोट फिरवत न्यूयॉर्कला थांबले. "आपण इथे," ते पुटपुटले. जमतंय का, ते बघत असावेत.

आता घर बंद आहे. दोरा माझ्या अंगावरच आहे, आणि दुपारचं ऊन त्याच वाटेनं जातं. मित्रांनो, तुमच्याही कपाटावर एखादी पृथ्वी असेल, तर तिला खाली घ्या, पुसा. बोट खुशाल टेकवा. माझ्या न्यूयॉर्कचा रंग अजून शाबूत आहे. उडाला तरी माझी तक्रार नाही.