मान लांबलेली रोपं

आत्याची टोमॅटोची रोपं विकत नेणाऱ्या रोपवाल्याने भाचीला शब्द दिला तेव्हाच आत्या सावध झाली. भाचीच्या ट्रेमधली रोपं नीट उतरली तर पुढच्या हंगामापासून तिने त्याच्याच शेडमध्ये रोपं करावीत, राहायला खोलीही मिळेल, असं तो चहा पिता पिता बोलून गेला. म्हणजे आत्याकडे आसऱ्याला आलेल्या भाचीला नवऱ्याकडे परत जायला नको. त्याने पिरगाळलेलं तिचं मनगट वाकडंच जुळलं होतं. पण मग रोपवाल्याला आत्याच्या मागच्या खोलीतली रोपं कशाला लागतील? हे त्या दोघांच्या डोक्यातही आलं नाही. आत्याच्या लगेच आलं. भाचीवर तिचा जीव होता, नाही असं नाही. पण पोटावर पाय यायला लागला की जीव जरा सरकून बसतो.

तिने भाचीला अगदी हौसेने शिकवायला घेतलं. बी किती खोल टाकायचं, माती किती ओली ठेवायची, सगळं खरं सांगितलं. खोटं एकच सांगितलं. भाचीच्या मांडणीवरची ट्यूबलाइट साखळीने पार वर ओढली आणि म्हणाली, “कोवळ्या पानांना दिवा जवळ सोसत नाही. उंचच ठेव.”

“तुझ्या तर पानांना टेकल्यात.”

“माझी रोपं थोराड झालीत गं. तुझी अजून तान्ही आहेत.”

भाचीला पटलं. तिला न पटायला कारणच काय होतं, सख्खी आत्या सांगत होती. दिवा लांब असला की रोप त्याच्याकडे धाव घेतं, आणि धावता धावता त्याचं खोड वाळक्या काडीसारखं होतं. भाचीला दिसत होती ती नुसती उंची. रोज सकाळी ती आत्याला हाताला धरून न्यायची, बघ कशी भराभरा वाढतायत म्हणायची. आत्याही कौतुकाने मान डोलवायची, माझीच दृष्ट लागायची हो, असंही म्हणायची. मग आपल्या खोलीत जाऊन बुटक्या, दणकट रोपांवरून तळहात फिरवत बसायची, म्हणजे खोडं आणखी घट्ट होतात. हा तळहात भाचीने कितीदा पाहिला होता. तिला वाटायचं, आत्या लाड करते.

रोपवाला आला. त्याने भाचीच्या ट्रेवर नुसती फुंकर घातली तर अख्खी रांग आडवी झाली. “ही रोपं आहेत की दोरे?” म्हणून तो हसला आणि आत्याचे ट्रे उचलून गाडीत ठेवायला लागला. भाचीला चिडून काही बोलला असता तरी बरं होतं.

“ह्यांचं काहीच नाही का होणार?” भाचीने आत्याला विचारलं.

“मान लांबली की संपलं. टाकून दे.”

तिच्याने टाकवेनात. तिला न्यायला आलेला नवरा दारात गाडीचा हॉर्न वाजवत होता, तरी तिने एक रोप ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं आणि आत्याच्या पाया पडून गेली. गाडी वळली तशी आत्याने मोठ्या कुंड्या काढल्या. खालची पानं खुडली आणि भाचीचं एकेक रोप गळ्यापर्यंत मातीत पुरलं. टोमॅटोचं खोड जिथे मातीला लागतं तिथे मुळं सोडतं, हे तिला कधीपासून ठाऊक होतं. थोड्याच दिवसांत त्या रोपांनी असा जोम धरला की रोपवाला सगळी घेऊन जातो म्हणाला.

त्याची वाट बघत ती कुंड्या पुसत होती तेवढ्यात भाचीचा फोन आला. आवाज दबका होता.

“ह्यांनी माझं रोप खिडकीतून फेकलं गं. मातीत आडवं पडलं होतं. आज बघते तर खोडालाच मुळं फुटलीत. तुला माहीत होतं का असं होतं?”

“नाही गं बाई.”

“मला वाटलंच. माहीत असतं तर सांगितलं असतंस. आत्या, मी परत येऊ? ह्या वेळी नीट करीन. माझा दुसरा हातही आता...”

“हंगाम गेला गं आता,” आत्या म्हणाली. दारात रोपवाल्याची गाडी लागली होती. तिने फोन ठेवला आणि कुंड्या उचलायला लागली.